सकारात्मक विचार, हंगामी कमाई आणि पोस्टाची पाच वर्षांची आरडी

रोज सकाळी आरशासमोर ‘माझ्याकडे पैसा येतोय’ म्हणा, हव्या त्या घराचा फोटो भिंतीवर लावा, डायरीत मोठा आकडा लिहा. हा सल्ला आता कोकणातल्या वाडीवाडीत मोबाइलवर पोचला आहे. तो सगळाच टाकाऊ नाही. पण त्या विचाराला रक्कम, तारीख आणि पैसे मोडताना आड येणारी थोडी अडचण जोडली नाही, तर मे महिन्यात हातात आलेला पैसा गणपतीपर्यंत टिकत नाही. आंबा-काजूवाल्यांना आणि दर्यावर जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. या तिन्ही गोष्टी एका जागी देणारी, गावात मिळणारी आणि शंभर रुपयांत सुरू होणारी एक सोय आहे: पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. श्रीमंतीची इच्छा मनात धरलेल्या माणसाला ती कितपत उपयोगी पडते, या बाजूनं तिचं हे परीक्षण.

आधी हिशेब. महिन्याला किमान १०० रुपये, त्यापुढे १० च्या पटीत कितीही. मुदत ६० महिने. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्याजदर ६.७ टक्के झाला, चक्रवाढ दर तिमाहीला. सरकार अल्पबचतीचे दर दर तिमाहीला जाहीर करतं, त्यामुळे खातं उघडायच्या दिवशी खिडकीवर दर विचारून घ्यावा. उघडताना जो दर असेल तो पुढची पाचही वर्षं कायम राहतो. ६.७ टक्क्यांनी महिना १,००० रुपये भरले, की ६०,००० चे ७१,३६६ होतात. व्याज करपात्र आहे आणि या ठेवीवर आयकरातली ८०-सी ची सवलत नाही. आकडा डोळे दिपवणारा नाही हे मान्य. आरडीतून कोणी बंगला बांधत नाही. तिचं खरं काम पैसा वाढवण्याआधी पैसा थांबवण्याचं आहे, आणि कोकणातल्या बहुतेक घरांची गाडी नेमकी तिथेच अडते.

आता मनाकडे. गॅब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या जर्मन पदवीधरांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. यशाची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी मिळाला होता. उलट ‘आपल्याला जमेल’ अशी अपेक्षा ज्यांना होती, त्यांचं बरं चाललं होतं. स्वप्न आणि अपेक्षा यांत हाच फरक आहे. अपेक्षा मागच्या अनुभवावर उभी असते. स्वप्न रंगवताना मनाला काम झाल्याचं समाधान आधीच मिळून जातं, मग हातपाय हलत नाहीत.

आरडीचं पासबुक इथे कामाला येतं. बारा महिने बारा नोंदी पडल्या, की ‘मी पैसे राखू शकतो’ हे वाक्य मनाला पटवून द्यावं लागत नाही, ते छापलेलं असतं. ज्यांचा स्वतःवर फारसा विश्वास नाही त्यांच्यासाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची. कॅनडात जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आत्मविश्वास कमी असलेल्यांनी स्वतःबद्दल छान छान वाक्यं घोकली की त्यांना आणखी वाईट वाटतं. मन आतून ‘खोटं आहे’ म्हणत राहतं. त्यामुळे आरशासमोर म्हणायचंच असेल, तर ‘मी श्रीमंत आहे’ ऐवजी ‘या महिन्याचा हप्ता मी भरला’ म्हणावं. ते खरं असतं आणि पुढच्या महिन्याला खेचतं.

घराचा फोटो भिंतीवर लावण्याबद्दल आमचं मत: जागा चुकली. फोटो पैशाला चिकटलेला हवा. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्या रोखीनं मजुरी मिळणाऱ्या कामगारांबरोबर केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरीतला ठरावीक भाग बंद पाकिटात बाजूला ठेवायचा. ज्यांच्या पाकिटावर स्वतःच्या मुलांचा फोटो होता, त्यांची बचत जास्त झाली. तीच रक्कम एकाऐवजी दोन पाकिटांत विभागली, तरीही बचत वाढली, कारण एक पाकीट फोडलं तरी दुसरं फोडताना हात पुन्हा अडखळतो.

पोस्टात हे जसंच्या तसं करता येतं. एका माणसाला कितीही आरडी खाती उघडता येतात. महिना ३,००० रुपये बाजूला पडणार असतील, तर ३,००० चं एक खातं उघडू नये. १,००० ची तीन उघडावीत. प्रत्येक पासबुकाला प्लास्टिकचं कव्हर घालावं आणि आत चिठ्ठी सरकवावी: एकावर मुलीचा फोटो आणि ‘बारावीनंतरची फी’, दुसऱ्यावर ‘घराचं छप्पर’, तिसऱ्यावर ‘कलमांची बाग’. तीन वर्षं झाल्यावर दवाखान्याचा खर्च उभा राहिला तर एकच खातं मोडतं, बाकीच्या दोघांचं व्याज शाबूत राहतं. एकच मोठं खातं असेल तर सगळं एकदम मोडतं. कारण या खात्यातून थोडीशी रक्कम काढायची सोय नाही. ही एक गोष्ट पोस्टात सांगायची राहून जाते आणि लोक सरसकट एकच खातं काढून बसतात.

चिठ्ठीवर फक्त इच्छा लिहू नये. ओटिंगेनबाईंची पद्धत चार पायऱ्यांची आहे: इच्छा, ती पुरी झाल्यावर काय होईल, आड काय येईल, आणि ते आड आलं तर काय करायचं. आड येणारी गोष्ट खरी आणि नाव घेऊन लिहायची. ‘खर्च’ असं मोघम चालत नाही. ‘जुलैत बोट बंद’, ‘गणपतीत मुंबईची माणसं घरी’, ‘मोहोर करपला’, असं. शेवटची पायरी ‘जर-तर’ मध्ये लिहायची. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून हे ठळकपणे पुढे आलं, की नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलेली माणसं ते काम जास्त वेळा पार पाडतात. आंबेवाल्याचं वाक्य असं होईल: ‘वाशीच्या बाजारातून विक्रीची पट्टी खात्यात जमा झाली, की त्याच दिवशी पेटीमागे ५० रुपये आरडीच्या नावानं काढीन.’ खलाशाचं: ‘तांडेलानं (बोटीच्या म्होरक्यानं) वाटा दिला, की घरी जायच्या आधी हप्ता भरीन.’ वाक्यात दिवस, जागा आणि रक्कम हवी. ‘जमेल तसं’ हे शब्द आले, की ते वाक्य गेलं.

आता खरा अडचणीचा भाग: कमाई हंगामी, हप्ता मासिक. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्टमध्येही नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळेपर्यंत सगळं सुरळीत होत नाही. हापूसचा पैसा मार्च ते मे. बाकीचे महिने फवारणी, खत, राखण. अशा घरात जुलै आणि मे या दोन महिन्यांतला माणूस जणू वेगवेगळा असतो, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली गेली. तो अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ मध्ये आला. तीच माणसं, पण तोडणीआधी पैशाची ओढाताण असताना त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावली होती. टंचाईतच डोक्याचा मोठा भाग अडकून पडतो. त्यामुळे पावसाळ्यात ‘मन घट्ट करून’ बचत करायची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. बचतीचे निर्णय हातात पैसा असताना घ्यावेत, मात्र हप्त्याचा आकडा जुलैच्या तंगीवर बेतावा. मे महिन्याच्या उत्साहात ५,००० चा हप्ता ठरवणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. जुलैत जो आकडा भरताना जेवणाला कात्री लागत नाही, तोच तुमचा हप्ता.

आणि जुलैत काहीच येत नसेल तर? त्यासाठी या खात्यातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय आहे: आगाऊ भरणा. एकदम ६ हप्ते भरले तर दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये सूट, १२ भरले तर ४० रुपये. मासिक हप्ता ५०० असेल तर मे महिन्यात मे ते ऑक्टोबर असे ६ हप्ते एकदम भरायचे: ३,००० च्या ठिकाणी २,९५०. मासेमारी बंदी, शाळेची वह्या-पुस्तकं, गणपती, सगळं त्या सहा महिन्यांत येऊन जातं आणि हप्त्याचा विचारच करावा लागत नाही. आंबेवाल्याला वर्षाचे १२ हप्ते भरणं जास्त सोयीचं. १,००० च्या खात्याला १२,००० ऐवजी ११,६०० भरावे लागतात. खिडकीवर मात्र ‘आगाऊ भरणा, सूट धरून’ असं स्पष्ट बोलावं आणि भरणा स्लिपवर कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत ते लिहावं. नुसती रक्कम सरकवली तर गोंधळ होऊ शकतो. घरी आल्यावर पासबुकातली नोंद तपासायची.

हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड, म्हणजे १,००० च्या हप्त्याला १० रुपये. दंड किरकोळ आहे. धोका दुसरीकडे आहे. पुन्हा भरायला गेलात की आधी चुकलेला हप्ता दंडासह भरावा लागतो, मगच चालू महिन्याचा घेतात. दोन महिने चुकले की तिसऱ्या महिन्यात तीन हप्त्यांची रक्कम एकदम उभी करावी लागते. इथेच माणूस खातं सोडून देतो. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करता येतं, त्यानंतर नाही. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मोजा: मच्छीमार घराचं खातं बंद पडायला एक पावसाळा पुरतो. म्हणून आगाऊ भरणा ही चैन नाही, या किनाऱ्यावर तीच पहिली अट समजावी.

एक हप्ता चुकल्यावर मनात जे होतं, त्याकडेही लक्ष द्यावं. ‘आपल्याला जमतच नाही’ असं वाटू लागतं आणि उरलेलं आपोआप कोसळतं. सकारात्मक विचाराचा खरा उपयोग या क्षणाला आहे. दहा रुपये दंड म्हणजे दहा रुपये दंड, स्वभावाचा दाखला नव्हे. चिठ्ठीवर पाचवी ओळ आधीच लिहून ठेवावी: ‘हप्ता चुकला तर पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत दोन्ही भरीन.’ चारपेक्षा कमी हप्ते चुकले असतील तर तेवढे महिने मुदत वाढवून मागता येते आणि राहिलेले हप्ते त्या वाढीव काळात भरता येतात. हेही विचारून घ्यावं.

मुदतीआधी मोडायचं झालं तर तीन वर्षं पुरी व्हावी लागतात. त्यानंतर मोडता येतं, पण व्याज आरडीचं मिळत नाही, साध्या बचत खात्याच्या दरानं मिळतं, तो ४ टक्के आहे. मुदतीला एक दिवस उरला असताना मोडलं तरी हाच नियम. १,००० च्या खात्यात व्याज साधारण निम्म्यावर येतं. ही अडचण आम्ही दोष मानत नाही. सहज काढता येणारा पैसा मुंबईहून भाऊ आला की टीव्हीत जातो. तीन वर्षं हात लावता न येणं हाच या खात्याचा गुण आहे. फिलिपीन्समधल्या एका बँकेत ग्राहकांना स्वतःच्याच पैशाला स्वतः अडकवून घ्यायची सोय दिली होती. ज्यांना ती देऊ केली, त्यांच्या सरासरी शिलकीतली वाढ वर्षभरात, ती न दिलेल्यांच्या मानानं, ८१ टक्के बिंदूंनी जास्त होती. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला स्वतःपासून थोडं संरक्षण हवंच असतं.

अगदी नडलं तर मोडण्याऐवजी कर्ज घ्यावं. १२ हप्ते आणि एक वर्ष झालं, की जमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजानं. म्हणजे ६.७ वर ८.७ टक्के. व्यापाऱ्याकडून उचल घेऊन झाडावरचा आंबा आधीच बांधून द्यायचा, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि मानाचं. फवारणीच्या दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरला, ही सोय हाताशी असणं म्हणजे पुढे भाव ठरवताना तुमचा आवाज वाढणं.

खातं कधी उघडावं यावर फार थोडे लोक विचार करतात. ज्या महिन्यात उघडलं, पाच वर्षांनी त्याच महिन्यात पैसा हातात येतो. ऑगस्टमध्ये उघडलं तर तो थेट गणपतीच्या तोंडावर येणार, आणि तो कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. बागायतदारानं ऑक्टोबर धरावा: सण उरकलेला, पुढे फवारणीला भांडवल लागणार. तारखेचंही तसंच. महिन्याच्या १ ते १५ तारखेत उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या १५ पर्यंत भरावा लागतो. १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. मुंबईहून चाकरमान्यानं पाठवलेल्या पैशावर घर चालत असेल तर १६ नंतरच उघडावं, पंधरा दिवसांची सवड मिळते. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा शेवटच्या दिवसावर कधीही टाकू नये.

उघडायला आधार, पॅन, दोन फोटो, अर्ज आणि पहिला हप्ता. वारसाचं नाव त्याच दिवशी लावून घ्यावं. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना स्वतःच्या नावानं खातं उघडता येतं. त्यांना खिडकीवर स्वतः उभं राहू द्यावं, घरातल्या भाषणांपेक्षा त्यानं जास्त शिकतात. पोस्टातच बचत खातं असेल, किमान शिल्लक ५०० रुपये, तर हप्ता दर महिन्याला आपोआप वर्ग करायची सूचना लिहून देता येते. पगारदार घरानं हेच करावं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरूनही हप्ता जातो.

गावात महिला प्रधान एजंट असतात. एजंटबाई घरी येऊन हप्ता नेतात, हे ज्येष्ठांना आणि वाडीत लांब राहणाऱ्यांना फार सोयीचं. त्यांचं कमिशन सरकार देतं, खातेदारानं वेगळं काही द्यायचं नसतं. पैसे देताना त्यांच्या कार्डावर रक्कम, तारीख आणि सही तिथल्या तिथे घ्यावी आणि तीन महिन्यांतून एकदा पासबुक स्वतः पोस्टात नेऊन ताळा बघावा. हा अविश्वास नाही, एजंटबाईंनाही तेच बरं पडतं.

बाकी पर्यायांशी तुलना करायची तर मासळी विकणाऱ्या बाईला रोज वसुली करणारी पतसंस्थेची पिग्मी पोस्टापेक्षा सोयीची आहे. मात्र बँकेतल्या ठेवींना मिळणारं ५ लाखांपर्यंतचं विम्याचं कवच पतसंस्थेला नसतं, पोस्टाच्या मागे केंद्र सरकार असतं. वर्षभरात गणपतीचा खर्च उभा करायचा असेल तर बँकेची एक वर्षाची आरडी घ्यावी. पोस्टाची मुदत एकच, पाच वर्षं. भिशीत ओळखीच्या माणसांचा धाक असतो, तो चांगला, पण व्याज नसतं आणि एखादा पळाला तर हात बांधलेले. आणि घरावर २४ टक्क्यांचं कर्ज असताना ६.७ टक्क्यांची आरडी चालवू नये. आधी ते कर्ज फेडावं, आणि फेडून झाल्यावर त्याच हप्त्याची, त्याच तारखेची आरडी सुरू करावी. हात सैल पडायच्या आत.

मुदत संपताना काय करायचं ते साठाव्या महिन्यात ठरवू नये, पन्नासाव्यात ठरवावं. पैसा बचत खात्यात आला की आठवडाभरात त्याला घरातले चार जण चार वाटा दाखवतात. कलमं, विहिरीचा पंप, मुलीची फी, जे पासबुकाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं तिथेच तो जावा. तेव्हा गरज नसेल तर अर्ज देऊन खातं आणखी पाच वर्षं वाढवता येतं, तेही सुरुवातीच्याच दरानं. वाढीव काळात कधीही बंद करता येतं: पुऱ्या झालेल्या वर्षांना आरडीचं व्याज, वर वर्ष पुरं न झालेल्या महिन्यांना बचत खात्याचं. म्हणून वाढवलेलं खातं बंद करायचं तर वर्ष पुरं झाल्या झाल्या करावं.